दोन जिवांचा प्रवास : नावाध्यक्षाच्या मुद्रेपासून संगमनेरच्या एसटीपर्यंत

एसटीच्या जुन्या लाल गाडीत खिडक्यांच्या वर रंगवलेली अक्षरे आठवून पाहावीत. महिलांसाठी राखीव. अपंगांसाठी राखीव. स्वातंत्र्यसैनिक. विधानसभा सदस्य. आमदारसाहेब लाल गाडीने येण्याचा संभव फारसा नसे, पण त्यांची जागा ठरलेली होती. गरोदर स्त्रीचा उल्लेख मात्र या अक्षरांत सहसा सापडत नसे. तरीही संगमनेरहून अकोल्याला किंवा सिन्नरला निघालेल्या गच्च गाडीत सातव्या महिन्याची बाई चढली, की कोणीतरी उठे, नाहीतर कोणीतरी कोणाला तरी उठवे. पाटीवर नसलेली ही जागा आली कोठून?

या प्रश्नाचा माग काढताना पहिला मुक्काम लागतो तो नदीच्या घाटावर, होडीपाशी.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नदी उतरण्याच्या कराचे नियम दिले आहेत. रिकामी गाडी, ओझे वाहणारा माणूस, जनावर, स्त्री, मोकळा माणूस असे दर ठरवून झाले, की कोणाकडून काहीच घेऊ नये याची यादी येते. त्या यादीत पहिली आहे गर्भिणी, आणि तीही दोन महिने किंवा त्याहून अधिक दिवस गेलेली. तिच्या पाठोपाठ संन्यासी आणि ब्राह्मण येतात. कौटिलीय अर्थशास्त्रात होड्यांची व्यवस्था पाहणारा नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, आजारी, राजाज्ञा घेऊन निघालेला दूत आणि गर्भिणी यांनी त्या अधिकाऱ्याची मुद्रा घेऊन नदी उतरावी, असे तेथे सांगितले आहे. बौधायन धर्मसूत्रात तर वाटेत कोणासाठी बाजूला व्हावे याच्या यादीतही गर्भिणी आहे, राजा, आंधळा, वृद्ध आणि ओझ्याने वाकलेला माणूस यांच्या सोबतीने.

या याद्यांवर भाळून जाण्याचे कारण नाही. ग्रंथात नियम असणे वेगळे आणि घाटावरच्या नावाड्याने तो पाळणे वेगळे. शिवाय ज्या यादीत गर्भिणीला सूट आहे, त्याच यादीत ब्राह्मणाला तो ब्राह्मण आहे एवढ्यावर सूट आहे. गरज आणि प्रतिष्ठा या ग्रंथांनी एकाच पंगतीत बसवल्या. आमदाराची जागा आणि अपंगाची जागा शेजारीशेजारी रंगवणारी एसटी या बाबतीत परंपरेला धरूनच होती, असे म्हणता येईल!

मात्र या जुन्या नियमांतले दोन तपशील पुढच्या सगळ्या इतिहासासाठी जपून ठेवण्याजोगे आहेत. एक, मनुस्मृतीतले ‘दोन महिने’. दोन महिन्यांचे गरोदरपण कोणत्याही नावाड्याला डोळ्यांनी दिसत नाही. ते मानायचे तर स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरा, अर्थशास्त्रातली मुद्रा. तिथे घाटावर बाईकडे निरखून पाहण्याची गरजच नाही. मुद्रा पाहिली की पुरे.

आता संगमनेर. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे, पुणे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या वाटेवरचे हे गाव. शाहीर अनंत फंदी येथलाच. आगगाडी येथवर कधी आली नाही. दौंड–मनमाड लोहमार्ग जिल्ह्याच्या पूर्व अंगाने निघून गेला. त्यामुळे येथल्या गरोदर स्त्रीचा प्रवास म्हणजे आधी बैलगाडी आणि नंतर थेट मोटार.

तो प्रवास बहुतेक वेळा एकाच कारणाचा असे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही रूढी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचे, आणि माहेरहून आलेल्या मुराळ्याबरोबर पहिलटकरणीला पाठवायचे. मुराळी बहुधा भाऊच. आठव्यात हलवू नये, असे अनेक घरांत मानत, म्हणून घाई सातव्याची. गाडीत कडबा पसरायचा, त्यावर गोधड्या घालायच्या, बैल सावकाश हाकायचे. या प्रवासात जागेसाठी कोणाला उठवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण गाडी तिच्यासाठीच जुंपलेली असे आणि गाडीत परके माणूस नसे. अर्थात ज्याच्या घरी बैल होते त्याची ही गोष्ट. भाड्याची गाडी सर्वांना मिळतच होती असेही नाही. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्या भावंडांना त्यांची जात कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. बैलगाडीतली आपुलकी आपल्यापुरती होती.

परक्यांच्या शेजारी स्त्रीने कसे बसावे, हा प्रश्न आधी रेल्वेने विचारला. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमाने उत्तर दिले, की १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखावा. आणि पन्नास मैलांहून अधिक धावणाऱ्या गाडीत त्या कप्प्याला शौचकूपही असावे. शेवटची तरतूद शरीराची गरज ओळखणारी आहे. मूळ कल्पना मात्र मर्यादेची होती. स्त्रीला वेगळे बसवायचे, कारण ती स्त्री आहे. ती थकलेली आहे, आजारी आहे की गरोदर आहे, याच्याशी त्या कप्प्याला कर्तव्य नव्हते. पुढे एसटीत ‘महिलांसाठी राखीव’ हे शब्द आले, ते याच कुळातले. म्हणूनच राखीव जागा महिलांनी भरून गेल्या, की उभ्या असलेल्या गरोदर बाईसाठी पाटीजवळ आणखी काही सांगण्यासारखे उरत नसे. बसलेलीही महिलाच होती.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. हे मार्गस्थ होणे नगर जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे, आणि ते योग्यच. पण आचाराच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट गाडीच्या आत घडत होती. तिकीट काढलेला कोणीही कोणाच्याही शेजारी बसणार होता. मुराळी आणि त्याची बहीण आता चाळीस-पन्नास अनोळखी माणसांत येऊन पडली.

आणि या अनोळखी माणसांचा स्वतःचा एक कायदा तयार झाला. त्याचे पहिले कलम म्हणजे रुमाल. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी लहान मूल आत टाकून जागा धरायची. महामंडळाच्या कोणत्याही नियमाचा आधार नसलेला हा हक्क महाराष्ट्रभर मान्य झाला. धावू शकणाऱ्याला आणि हात वर करू शकणाऱ्यालाच तो मिळे, हे उघड आहे. अवघडलेली बाई या शर्यतीत नव्हतीच. तिच्यासाठी मुराळी धावे. तो नसेल, तर ती सर्वांत शेवटी चढे.

मग दुसरे कलम लागू होई, ते म्हणजे ‘सरकून घ्या’. एसटीतल्या बाकड्याची ही खास देणगी. मुंबई-लंडनच्या गाड्यांतल्या शिष्टाचारात माणूस उठतो आणि जागा देतो. येथे दोघांच्या जागी तिघे, तिघांच्या जागी चौघे होतात. उठण्यात उपकार आहे, सरकण्यात तो विरघळतो. कोणी कोणाचे ऋणी होत नाही. खेड्यातल्या माणसाला अनोळखी स्त्रीशी बोलण्याचा संकोच असे, त्यालाही हे सोयीचे होते. तो बोलत नसे, फक्त गुडघे आवळत असे.

या कायद्याची अंमलबजावणी वाहकाकडे होती असे वाटेल, पण खऱ्या अर्थाने ती होती म्हाताऱ्या बायकांकडे. बाई चढली की नजर पोटाकडे जायची आणि प्रश्न यायचा, ‘कितवा गं?’ उत्तर आले की निकाल लागे. ‘ए बाबा, ऊठ जरा, पोरगी दोन जिवांची आहे.’ बाबा उठायचा. पुढच्या थांब्यापर्यंत माहेर कोणते, सासर कोणते, पहिले की दुसरे, मळमळते का, सगळी चौकशी होऊन गेलेली असे. बैलगाडीत जे घर होते, ते त्या बाईने एसटीच्या बाकावर पुन्हा उभे केले. ती काही मिनिटांपुरती परक्या मुलीची आत्या झाली. नियम न लिहिता टिकला तो या नात्याच्या बळावर.

पण नात्यातून आलेल्या नियमाला नात्याच्याच मर्यादा असतात, आणि येथे ती मर्यादा महिन्यांची होती. रूढीने सातवा महिना साजरा केला. ओटीने गरोदरपण चारचौघांत आणले. त्याआधीचे महिने, विशेषतः पहिले तीन, लपवायचे. दृष्ट लागते, काही कमीजास्त झाले तर बोभाटा नको, म्हणून घरातल्याही सर्वांना सांगायचे नाही. आणि नेमके हेच महिने उलट्यांचे, चक्कर येण्याचे. जुन्या चंदनापुरी घाटाच्या वळणांवर गाडी लागणाऱ्यांत अशी एखादी असली, तर पाहणाऱ्यांनी ‘हिला मोटार लागते’ एवढेच म्हटले असणार. मनुस्मृतीचे दोन महिने एसटीत सात झाले होते.

कायद्यानेही याहून वेगळे काही पाहिले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ च्या जुलैत प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा. तो कारखान्यातल्या स्त्रियांपुरता होता. पुढे १९६१ साली, म्हणजे मुंबई राज्याच्या विभाजनानंतर महाराष्ट्राचे एसटी महामंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात ‘उभे राहणे’ हा शब्द आहे. गरोदर स्त्रीने तशी विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहावे लागणारे काम देऊ नये. केव्हापासून? प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना. हिशेब केला तर तो सातव्या महिन्याच्या आसपासच येतो. संसदेने जणू ओटीभरणाचीच तिथी धरली. संगमनेर-सिन्नर पट्ट्यात विड्या वळणाऱ्या हजारो बायकांना हा कायदा पुढे १९६६ च्या विडी कामगार कायद्यातून लागू झाला. पण कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवर उभे राहणे कोणत्याच कायद्याच्या कक्षेत आले नाही. एकविसाव्या शतकात एसटीत महिला वाहक आल्या, तेव्हा हा पेच आणखी गमतीदार झाला, खरे तर गमतीदार हा शब्द येथे बरोबर नाही. इतरांना जागा मिळवून देणारी बाई स्वतः पोटात जीव घेऊन खांबाला टेकून तिकिटे फाडू लागली.

एसटीने आपल्या निमआराम गाडीला ‘हिरकणी’ हे नाव दिले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांवरून जिला लोक ‘एशियाड’ म्हणत, तीच ही गाडी. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी झालेल्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष हेच नाव पडले. बाळ झालेल्या आईला गाडीही मिळाली आणि खोलीही. बाळ व्हायच्या आधीची हिरकणी मात्र अजून दंतकथेतही आलेली नाही.

दरम्यान प्रवासाचे कारणच बदलले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला आणि प्रसूतीसाठी घरून दवाखान्यात व परत घरी नेण्याची मोफत सोय आली. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. शेवटच्या कळांचा प्रवास एसटीतून बाहेर पडला. उरला तो तपासण्यांचा. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. म्हणजे आता ती सातव्यात एकदा मुराळ्याबरोबर जात नाही. चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात, पुष्कळदा एकटी जाते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर गाडीत बायका वाढल्या, आणि राखीव बाकासमोर उभी असलेली व त्यावर बसलेली यांच्यातला निवाडा पूर्वीपेक्षा अवघड झाला.

इतर देशांनी हा निवाडा मुद्रेवर सोपवला. जपानमध्ये १५ सप्टेंबर १९७३ रोजी टोकियोच्या चुओ मार्गावर वृद्ध आणि अपंगांसाठी ‘सिल्व्हर सीट’ आल्या. गरोदर स्त्रियांचा समावेश पुढे झाला. पण न दिसणाऱ्या महिन्यांचे कोडे सुटले ते २००६ साली, सरकारने ‘मॅटर्निटी मार्क’ ठरवला तेव्हा. पिशवीला अडकवायची ती लहानशी खूण. लंडनमध्ये त्याआधी वर्षभर, २००५ पासून, अशीच बिल्ल्याची सोय झाली होती. नावाध्यक्षाची मुद्रा एवढ्या शतकांनी, अर्थशास्त्राचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या कोटावर परतली.

महाराष्ट्रात अशी सार्वत्रिक खूण नाही. मुंबईत बेस्टने गरोदर स्त्रियांना पुढच्या दरवाजाने चढण्याची मुभा दिली, उपनगरी लोकलमध्ये त्यांना दिव्यांगांच्या डब्यात प्रवेश आहे. तिथेही ओळखायचे नजरेनेच. संगमनेरच्या फलाटावर ९ तारखेला अकोल्याची गाडी लागते, तेव्हा रुमाल पूर्वीसारखेच खिडकीतून आत जातात. हातात तपासणीची फाईल घेतलेली, पोट अजून न दिसणारी बाई शेवटी चढते आणि दांडीला धरून उभी राहते. फाईलवर तारीख आणि महिना दोन्ही लिहिलेले असतात, पण ती पिशवीत असते. बाकावरच्या म्हातारीने विचारले, तर ती सांगेल. ‘कितवा गं?’ ‘तिसरा,’ आणि तेही हळूच, कारण घरात अजून सासूलाच ठाऊक आहे.