सातारा : पेठांच्या नावांतून

मुंबई-पुण्याकडून पाचगणी-महाबळेश्वरास जाणारी आपली बहुतेक कुटुंबे सुरूरच्या फाट्यावर वाईकडे वळतात. सातारा तेथून पुढे राहतो आणि बहुधा राहूनच जातो. ज्या शहरात छत्रपतींची गादी 1708 पासून 1848 पर्यंत होती, त्याची ओळख केवळ कंदी पेढ्यांपुरती उरावी हे आम्हांस बरे वाटत नाही.

साताऱ्याचा इतिहास जाणून घेण्यास प्रथम ग्रंथच उघडले पाहिजेत असे नाही. पेठांची नावे लक्षपूर्वक वाचली तरी पुष्कळ कळते. सर्वांत वर, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला माची पेठ. माची हा किल्ल्याच्या परिभाषेतला शब्द, आणि तो येथे शोभतो. कारण आधी किल्ला, मग गाव. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा गड 1673 मध्ये शिवाजी महाराजांकडे आला. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः त्याला वेढा घालून बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजविला. तट फोडण्यासाठी मोगलांनी लावलेल्या सुरुंगाखाली त्यांचीच माणसे शेकड्यांनी गाडली गेली. अखेर एप्रिल 1700 मध्ये गड गेला, तो काही वर्षांतच मराठ्यांनी परत घेतला.

मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा 12 जानेवारी 1708 रोजी येथे राज्याभिषेक झाला, आणि गडाच्या पायथ्याशी शहर वाढू लागले. ‘पंतांचा गोट’, ‘रामाचा गोट’ ही नावे त्या काळाकडे बोट दाखवितात. गोट म्हणजे लष्कराची छावणी. राहुट्यांच्या जागी घरे आली, अंगणात तुळशी लागल्या, तरी नाव छावणीचेच राहिले! पुण्याप्रमाणे येथेही सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आहेत. यादोगोपाळ, मल्हार, बसाप्पा या पेठा माणसांच्या नावाच्या. व्यंकटपुरा आणि चिमणपुरा यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला. त्याच बाजूच्या डोंगरातले पाणी महादरे तलावात साठवून उताराने गावात आणलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कास तलावाचे पाणी आले, तेही उतारानेच. राजधानीच्या वर्णनात सिंहासनाला जेवढी जागा मिळते तेवढी पाण्याला मिळत नाही. पण वस्ती टिकते ती पाण्यावर.

सिंहासनाचे तेज मात्र शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1749 पासून, ओसरत गेले. गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात. नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत, आणि ती देणारे छत्रपती स्वतः जवळजवळ नजरकैदेत! 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना लहानशा राज्यावर बसविले. प्रतापगंज पेठेच्या नावात ते आजही आहेत. हा राजा आम्हांस साताऱ्याच्या इतिहासातील सर्वांत करुण पुरुष वाटतो. त्याने रस्ते केले, शिक्षणाला उत्तेजन दिले, राजवाडा बांधला. दसऱ्याची मिरवणूक राजस्त्रियांना पाहता यावी म्हणून डोंगराच्या कडेला ‘चार भिंती’ उभारल्या. 1839 मध्ये कटाचा आरोप ठेवून कंपनीने त्यांना पदच्युत केले व काशीस धाडले. तेथेच 1847 मध्ये ते वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे लंडनमध्ये धन्याची बाजू मांडीत राहिले. इकडे महाराजांचे बंधू शहाजी 1848 मध्ये निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडा माळावर सतरा जणांना देहान्त देण्यात आला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. राजस्त्रियांसाठी बांधलेल्या चार भिंती पुढे या हुतात्म्यांचे स्मारक झाल्या. पूर्वेकडील सदर बझार हे नाव त्यानंतरच्या धन्यांचे, इंग्रजी छावणीचे.

जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्या शाळेच्या रजिस्टरात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव चढले : भिवा रामजी आंबेडकर. दरबाराच्या काळात ज्या जातीला त्या वाड्याच्या दिवाणखान्यात पाऊल टाकता आले नसते, त्या जातीचा हा मुलगा. 2017 पासून ही तारीख राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काल्याहून साताऱ्यास आणली. गादी गेलेल्या गावाने विद्येचे पीठ मांडले, ते असे.

जिल्ह्याचा विस्तारही पूर्वी मोठा होता. 1949 मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून सांगलीकडच्या जुन्या कागदांत तासगाव-वाळवे सातारा जिल्ह्यातच सापडतात. शहराची हद्द मात्र वाढतेच आहे. 2020 मध्ये शाहूपुरीसारखी उपनगरे नगरपालिकेत आली.

पाहुण्याने परतताना शहराच्या पूर्वेस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस जरूर जावे. शाहू महाराजांची समाधी तेथे आहे, आणि त्यांचा जीव वाचविल्याचे सांगितले जाते त्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही.