10 जुलै: आपल्या तळ्यातला मासा आला कुठून?



आज 10 जुलै. सरकारी कॅलेंडरात हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. परवा बांधावर बसून हे बोललो तर शेजारचा म्हणाला, "दादा, बीड जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, अन् तुमचा मासा पोहणार कशात?" त्याचं खरंच आहे. पण मला वाटतं त्याच्या त्या एका प्रश्नात सगळा इतिहास आलाय. म्हणून आज सोयाबीनची नोंद बाजूला ठेवतो.

मासा आपल्या मुलखाला नवा नाही. बसवकल्याणला राजधानी असलेल्या चालुक्यांचं राज्य आपल्या भागावर होतं. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, यानं इ.स. 1130 च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रकरण माशांवर आहे. कोणता मासा कुठं राहतो, त्याला खायला काय घालावं, गळाला कसा लावावा, सगळं आहे. अर्थात ती राजाची करमणूक होती. गरिबाचा मासा म्हणजे सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्यांच्या डोहातला. मरळ, वांब, झिंगे. भोई समाजाचं पोट त्यावर. नदी आटली की डोह, अन् डोह आटला की संपलं. मासा पाळायचा असतो, हे आपल्याकडं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ते आलं दुष्काळातून. 1972 ला मी अंगावर पिणारं पोरगं होतो. आई सांगते, दिवसभर खडी फोडायची अन् पोरांना सुकडी मिळायची. परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन दिवस काढले. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाला परक्याची ज्वारी खावी लागली, ही गोष्ट आई अजून मान खाली घालून सांगते. त्या दुष्काळात अन् पुढं रोजगार हमीच्या कामांवर गावोगाव पाझर तलाव झाले. 1976 ला पैठणला जायकवाडी झालं, मग त्याचा उजवा कालवा, सिंदफणेवर माजलगावचं धरण, केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. पाणी अडवलं ते पिण्याला अन् पिकाला. मासा त्या पाण्यामागं आला.

पण आला कुठून? इथं खरी गंमत आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात जोरात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, फुगलेली नदी लागते. मादीच्या पोटात अंडी भरतात अन् तशीच जिरून जातात. त्यामुळं पूर्वी बीज गोळा करायचं ते पुरात, नदीकाठी जाळी लावून. त्या जाळीत चांगल्या माशाचं बीज यायचं अन् दुसऱ्या माशांना खाणाऱ्याचंही यायचं. बोटुकली होईपर्यंत ओळखू येत नाही. म्हणजे बियाण्याच्या पिशवीत निम्मं तण. बंगालकडून रेल्वेनं असं बीज लांबलांब जायचं, वाटेत मरायचं. आमच्यासारख्या आडमुलखात कोण आणून देणार?

हे कोडं सोडवलं हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं. माशाच्या मेंदूखाली एक बारकी गाठ असते, पियुष ग्रंथी. शरीराला 'आता अंडी घाल' हा सांगावा तिथून जातो. चौधरींनी दुसऱ्या माशाच्या या गाठीचा अर्क काढून पिकलेल्या मादीला इंजेक्शन दिलं. ओडिशात आंगुल इथं, 10 जुलै 1957 ला. सोबत के. एच. अलीकुन्ही होते. काही तासांत माशांनी तळ्याच्या पाण्यात अंडी घातली, जिथं कधी घालत नव्हते. ब्राझीलमध्ये 1930 च्या दशकात असा प्रयोग त्यांच्याकडच्या माशांवर झाला होता, पण आपल्या माशांवर हे पहिलंच यश. आजचा दिवस साजरा होतो तो त्यासाठी.

आपण गव्हाच्या हरितक्रांतीचं नाव घेतो, नॉर्मन बोरलॉग यांचं, स्वामिनाथन यांचं. चौधरींचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात माझ्या तरी वाचण्यात आलं नाही. दहावीपर्यंतच शिकलो, पुढं असेल तर माहीत नाही. पण नदीवर अवलंबून असलेलं बियाणं एका माणसानं हौदात आणलं, ही गोष्ट लई मोठी आहे.

पुढचं भराभर झालं. 1959 ला परदेशातून चंदेरा अन् गवत्या आले. 1971 ला देशभर मिश्र मत्स्यशेतीचा संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्याचं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. तत्त्व आपल्या आंतरपिकासारखंच. कटला अन् चंदेरा वरच्या थरात चरतात, रोहू मधे, मृगळ अन् सायप्रिनस तळाला, गवत्या पाण्यातलं गवत खातो. तुरीत सोयाबीन घेतो तसं एकाच पाण्यात सहा पिकं. शेण टाकून पाणी हिरवं केलं की कटला-चंदेऱ्याचं निम्मं खाणं फुकट.

जगात 2022 साली पहिल्यांदा पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांच्या पुढं गेलं, 9 कोटी 44 लाख टन. पाळण्यात चीननंतर आपला देश. समुद्र देईल तेवढं देऊन बसलाय, पुढच्या पिढीचा मासा तळ्यातूनच यायचा आहे.

पण हे सगळं संशोधन बारा महिने पाणी धरून मांडलेलं. आपली गाडी तिथंच अडते. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्याच जिल्ह्यात, अन् ते कोरडं पडलेलं. धरणाची ही गत, तर माझं तळं काय!

त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' योजना निघाली. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, म्हणजे नऊ गुंठे. मी पण काढलं, सीताफळासाठी. पहिल्या साली बोटाच्या निम्मंही नसलेलं बीज एकानं माझ्या गळ्यात मारलं. फेब्रुवारीत काढलं तेव्हा पावशेराचा मासा, व्यापारी हात लावीना. दुसऱ्या साली मोठं होऊ दे म्हणून मे पर्यंत ठेवला. उन्हाळ्यात तळ्यातून रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी हवेत जातं. मासा वाचवायला बोअर चालू केला. दहा दिवसांत लक्षात आलं, मी जमिनीच्या पोटातलं पाणी वर आणून उन्हात वाळत घालतोय. बंद केलं. जेवढा निघाला तेवढा विकला, बाकीचा मेला. बोअरच्या पाण्यावर मासा करू नका, कुणी कितीही नफा सांगू द्या. माझ्या मते तो धंदा नाही, चोरी आहे, आपल्याच नातवाची.

मग कमी पाण्याचं शास्त्र आहे का कुठं? आहे. बापटल्याचे मोदडुगु विजय गुप्ता बांगलादेशात गेले. तिथं घरामागचे खड्डे, रस्त्याकडेची डबकी, चार-सहा महिने पाणी टिकणारी. पडीक समजलेली. त्यांनी त्यात कमी दिवसांत तयार होणारे मासे घेऊन दाखवले, अन् ते केलं तिथल्या गरीब बायांनी. भुसा-कोंडा टाकून. 2005 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. दुसरी युक्ती आंध्रातली. बोटुकली दाटीनं, कमी खाण्यावर वर्षभर ठेवायची, म्हणजे वाढ खुंटते. तीच मोकळ्या पाण्यात सोडली की अडवून ठेवलेली वाढ भराभर भरून काढते. आपल्या पाच-सहा महिन्यांच्या पाण्याला हेच पाहिजे.

मी दोन वर्षं तसंच करतोय. गेल्या साली दीड क्विंटल निघाला, बोअरला हात न लावता. खालचं खताळ पाणी सीताफळाला गेलं.

एक अडचण मात्र कुठल्या पुस्तकात सापडली नाही. आपल्याकडं दसरा-दिवाळीला निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, येतं ते चैत्रात. मासा तयार होतो पौषात. ज्यांच्या पोरांना तो खायला पाहिजे ती पोरं तेव्हा कारखान्याच्या फडात असतात. माझ्या दीड क्विंटलातला बहुतेक मासा बीडच्या बाजारात गेला. गावात वाटायला काढला तेव्हा घ्यायला म्हातारी माणसं होती, अन् त्यातली निम्मी माळकरी. आमची आई पण माळकरी. ती तळ्याकडं फिरकत नाही, पण हिशेब विचारते. सुकडीची गोष्ट सांगणारी तीच. मागच्या महिन्यात म्हणाली, "बापू, मी खात न्हाई ते सोड, पण लेकरं यायच्या आत का संपवतोस?"

म्हणून यंदा तळ्याच्या एका कोपऱ्यात खोल खड्डा घेतलाय. पाणी आटत गेलं की थोडा मासा तिथं चैत्रापर्यंत टिकतो का ते बघायचं. पुनर्वसू लागलंय, तळ्यात सध्या दोन फूट पाणी आहे. पाच फूट झालं की बीज आणणार. कुणी असा खड्डा करून पाहिला असेल तर खोली किती ठेवली ते सांगा.