खांदा निवृत्त होतो तेव्हा : बेसबॉलच्या पहिल्या पिढीची गोष्ट

निवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अठ्ठावन्न किंवा साठ हे वय येते. शाल-श्रीफळ, भाषणे, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचे कागद. पण ज्यांचे पोट शरीराच्या एखाद्या सांध्यावर अवलंबून असते, त्यांच्या निवृत्तीची तारीख तो सांधाच ठरवतो. पुढे आयुष्य मात्र तीस-चाळीस वर्षे उरलेले असू शकते. ही उरलेली वर्षे कशी जातात, हे समजून घ्यायला अमेरिकेतील बेसबॉलच्या पहिल्या पिढीसारखे दुसरे उदाहरण नाही.

बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी चालेल. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या बोलरसारखा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खेळाची नोकरी झाली

1869 साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या संघाने आपले सगळे खेळाडू पगारी असल्याचे उघडपणे जाहीर केले. त्यांचा सर्वात महागडा खेळाडू जॉर्ज राइट याला हंगामाचे 1,400 डॉलर मिळत. करार मार्च ते नोव्हेंबरचा असे. हिवाळ्यात ज्याने त्याने आपले पाहायचे.

1879 पासून संघमालकांनी ‘रिझर्व्ह क्लॉज’ आणला. मालक राखून ठेवील तो खेळाडू दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नसे. सुरुवातीला प्रत्येक संघातले पाच खेळाडू राखीव असत, पुढे जवळजवळ सगळेच झाले. शरीर खेळाडूचे, पण त्याचा भाव ठरवणारा दुसराच, अशी ही व्यवस्था होती. हात दुखावला तर विमा नाही, भरपाई नाही. हंगाम संपला की नाव वगळले, एवढीच निवृत्तीची पद्धत.

खांदा का जातो?

बोलर कोपर न वाकवता हात फिरवतो. पिचर कोपर वाकवून, हात मागे खेचून चेंडू झटक्याने फेकतो. त्या क्षणी दोन जागांवर जबर ताण येतो. पहिली जागा म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरा. यांना रोटेटर कफ म्हणतात. दुसरी जागा कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा. प्रत्येक फेकीत या तंतूंना सूक्ष्म इजा होते. विश्रांती मिळाली तर शरीर ती भरून काढते. मिळाली नाही तर इजा साठत जाते.

त्या काळात संघाकडे एक किंवा दोनच पिचर असत. प्रॉव्हिडन्स संघाचा चार्ल्स रॅडबर्न, टोपणनाव ‘ओल्ड हॉस’, याचे 1884 चे उदाहरण पाहा. हंगामाच्या मध्यावर संघातला दुसरा मुख्य पिचर निघून गेला. रॅडबर्नने मालकांशी सौदा केला : उरलेले सामने मी टाकतो, पण मला रिझर्व्ह क्लॉजमधून मोकळे करा. त्या वर्षी त्याने 678 इनिंग पिचिंग केले. आजचा पिचर वर्षाला 200 इनिंगपुढे क्वचित जातो. सकाळी केस विंचरायला त्याचा हात वर जात नसे, असे सांगतात. तरी दुपारी तो मैदानात उतरे. रॅडबर्नने हंगामात 59 सामने जिंकले. काहींच्या मोजणीत ते 60 भरतात. हा विक्रम आजही कायम आहे. 1891 नंतर, छत्तिसाव्या वर्षी, त्याचा खेळ संपला.

औषध काय होते?

फारसे काहीच नव्हते. क्ष-किरणांचा शोध 1895 चा, आणि त्यात हाड दिसते, फाटलेली कंडरा दिसत नाही. म्हणून निदान एकच असे : ‘हात गेला’.

जिथे उपचार नसतात तिथे चमत्कार विकले जातात. 1889 मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने जाहीर केले की कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपल्याला तारुण्य परत मिळाल्यासारखे वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिट्सबर्गचा पिचर पड गॅल्विन याने तो अर्क टोचून घेतला. पुढचा सामना त्याने जिंकला आणि वर्तमानपत्राने अर्काचे गुणगान केले. वस्तुस्थिती अशी की टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे त्या पाण्यातल्या अर्कात ते नावापुरतेच असणार. जे वाटले तो मनाचा परिणाम, म्हणजे प्लासिबो.

पुढे ओहायोतील यंग्सटाउन येथे ‘बोनसेटर’ रीस नावाचा हाडवैद्य प्रसिद्ध झाला. तो मूळचा वेल्सचा, पोलादाच्या कारखान्यात काम केलेला. वैद्यकीय पदवी नव्हती, पण मोठमोठे खेळाडू त्याच्याकडे येत. आखडलेला स्नायू हाताने मोकळा करता येतो, त्यामुळे काहींना खराच आराम पडला असेल. फाटलेला अस्थिबंध मात्र चोळून जुळत नाही. त्यासाठी 1974 उजाडावे लागले. त्या वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळची कंडरा काढून त्याच्या कोपरात बसवली. तो 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. रॅडबर्नच्या पिढीला ही संधी नव्हती.

खेळ संपल्यावर

गॅल्विनने 300 हून अधिक सामने जिंकले होते. हा टप्पा गाठणारा तो पहिला पिचर. 1892 मध्ये तो थांबला. नंतर दारूचा गुत्ता काढला, तो बुडाला. 1902 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो कफल्लक अवस्थेत वारला. रॅडबर्ननेही गावी गुत्ता आणि बिलियर्डचा अड्डा चालवला. शिकारीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला. त्याला सिफिलिस झाला होता, असे चरित्रकार सांगतात. 1897 मध्ये तो गेला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. पेनिसिलिन यायला अजून चार दशकांहून अधिक काळ होता.

आता दुसरी बाजू. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हाही पिचर. खांद्याने साथ सोडली तेव्हा त्याने मैदानातली जागा बदलली आणि शॉर्टस्टॉप म्हणून खेळू लागला. खेळता खेळताच कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली. 1885 मध्ये खेळाडूंची पहिली संघटना उभी केली. 1894 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो स्वतःच्या मर्जीने थांबला आणि वकिली करू लागला. अल्बर्ट स्पाल्डिंगने 1876 मध्ये, हात शाबूत असतानाच, खेळसाहित्याचे दुकान काढले आणि सत्ताविसाव्या वर्षी खेळ जवळजवळ सोडला. ते नाव आजही चेंडूंवर दिसते. जॉर्ज राइटनेही तोच व्यवसाय केला आणि नव्वद वर्षे जगला.

यातून ‘शहाण्याने आधीच सोय करावी’ असा धडा काढणे सोपे आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. क्लीव्हलँडचा एडी जॉस हा पिचर हिवाळ्यात वर्तमानपत्रासाठी लिहीत असे, म्हणजे दुसरी वाट त्याने तयार ठेवली होती. एप्रिल 1911 मध्ये मेंदूच्या आवरणाच्या क्षयाने, ट्यूबरक्युलस मेनिंजायटिसने, तो एकतिसाव्या वर्षी गेला. तेव्हा या रोगावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन 1940 च्या दशकातले. जुलैमध्ये इतर संघांतील खेळाडूंनी एकत्र येऊन त्याच्या कुटुंबासाठी सामना खेळला आणि जवळजवळ 13,000 डॉलर जमवले. चांगुलपणा होता, पण तो नावाजलेल्या माणसाच्या वाट्याला आला. 

माजी खेळाडूंना मदत करणारी संस्था 1924 मध्ये निघाली. नियमित पेन्शन 1947 मध्ये सुरू झाले : पाच वर्षे खेळलेल्याला पन्नाशीनंतर महिना 50 डॉलर. रेड स्टॉकिंग्जपासून मोजले तर 78 वर्षे लागली. आणि त्याआधीच निवृत्त झालेले या योजनेबाहेरच राहिले.

आपण काय घ्यावे?

रंगारी, सुतार, हमाल, शिंपी, वेगवान गोलंदाजी करणारी शाळकरी मुले, या सगळ्यांचा हात रॅडबर्नच्याच नियमाने झिजतो. म्हणून :

- खांदा किंवा कोपर दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा केस विंचरताना हात वर जात नसेल, तर तपासून घ्या.
- वेदनाशामक गोळी घेऊन रोज तेच काम रेटू नका. वेदना दबते, इजा वाढते.
- मुलांच्या सरावात विश्रांतीचे दिवस ठरवूनच ठेवा.
- ‘एका इंजेक्शनात तारुण्य’ अशी जाहिरात दिसली तर गॅल्विनला आठवा.
- अंगमेहनतीचे काम असेल तर दुसरे कौशल्य तिशीतच शिकायला घ्या. असंघटित कामगारांसाठीच्या विमा आणि पेन्शन योजनांत नाव नोंदवा, आणि घरी कामाला येणाऱ्या माणसांचेही नोंदवून द्या.

शेवटचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. दुखऱ्या खांद्यावर आज उपचार आहेत, पण ते पूर्ण करायचे तर सहा-आठ आठवडे काम थांबवावे लागते. त्या काळात घर कसे चालणार, याचे उत्तर नसलेला रुग्ण आठवड्याभरात पुन्हा कामावर जातो. त्याला मी कितीही चांगले औषध लिहून दिले तरी खांदा बरा होत नाही.