कुरुंदाची पूड

इंजिनाचा शोध मुसलमानांनी लावला, अशी एक पोस्ट माझ्या मोबाईलवर दर दोन-चार महिन्यांनी येते. सोबत अल्-जझरीचं चित्र असतं. मी ती पुढे पाठवत नाही. जझरीनं इंजिन बनवलं नव्हतं. त्यानं खरोखर जे केलं, ते मी पुस्तकात वाचण्याआधी नागपुरात चाचांच्या वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं.

मुंबई-कोलकाता आणि वाराणसी-कन्याकुमारी हे दोन जुने महामार्ग नागपुरात एकमेकांना भेटायचे, त्यामुळे या शहराला इंजिनाच्या कामाची कधी वाण पडली नाही. आमचे दादाजान मोमिनपुऱ्यात मागावर बसायचे, चाचा लेथवर उभे राहिले. ट्रकांची हेडं यायची, आणि कधीमधी शर्यतीचा नाद लागलेला एखादा पोरगा मोटारीचं हेड घेऊन यायचा. त्याला कडक स्प्रिंगा बसवून हव्या असत.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. स्प्रिंग मवाळ असली की तो कॅमला सोडून तरंगतो, वेळेवर मिटत नाही. म्हणून जाड तारेची, बहुधा एकात एक अशी जोडस्प्रिंग घालतात. ती जुन्या बैठकीत मावत नाही. मग व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये दांडा घालून त्याभोवती कटर फिरवायचा आणि बैठक रुंद करायची. गाईडही वरून थोडी छिलावी लागते, नाहीतर आतली स्प्रिंग तिला घासते. बैठक जास्त खोल गेली तर स्प्रिंग सैल पडते. उथळ राहिली तर व्हॉल्व्ह पुरा उघडताना वेटोळी एकमेकांवर टेकतात. चाचा खाली पातळ वॉशर घालून उंची जुळवायचे आणि वेटोळ्यांत मिलिमीटरभर फट ठेवायचे.

बैठकीच्या खालून पाण्याची वाट जाते. एकदा कटर केसभर जास्त उतरला आणि पाणी झिरपलं. हेड भंगारात गेलं. चाचांनी गिऱ्हाइकाला दुसरं हेड स्वतःच्या पैशानं आणून दिलं. तो महिना घरात मटण शिजलं नाही.

एवढं करूनही व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसत नसेल, तर कडक स्प्रिंग वाया. "पहले सीट," चाचा म्हणायचे. कडेला एमरीची पेस्ट लावून, दोन तळव्यांमध्ये रवी घुसळावी तशी काठी फिरवत ते व्हॉल्व्ह सीटवर घासत राहायचे. सगळीकडून सारखं करडं कडं उमटेपर्यंत.

दियारबकिरला अर्तुकी सुलतानांच्या चाकरीत असलेल्या जझरीनं ५० यंत्रांचं पुस्तक १२०६ मध्ये पुरं केलं. डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद छापला. त्यात हेच आहे: व्हॉल्व्हचं बूच आणि त्याची सीट एमरीच्या पुडीनं एकमेकांवर घासा, म्हणजे पाणी गळणार नाही. व्हॉल्व्ह जझरीचा नव्हेच. बगदादचे बनू मूसा भाऊ नवव्या शतकात शंकूच्या आकाराचे व्हॉल्व्ह वापरत होते. जझरीनं तो कसा बसवायचा ते लिहिलं. धातू वाळूच्या बंद पेटीत कसा ओतायचा, तेही लिहिलं. बिडाचं हेड आजही वाळूच्या साच्यातच ओततात. त्याच्या एका पंपात पिस्टन आहेत, त्यावरूनच ती पोस्ट निघाली असावी. पण तो पंप पाण्याच्या चाकावर चालतो, आत काही पेटत नाही. त्याच्या व्हॉल्व्हला सेकंदाला ५० वेळा मिटायचंही नव्हतं.

एमरीत धार असते ती कुरुंदाची. इंग्रजी 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातही कुरुंद सापडतो. चाचांना यातलं काही माहीत नव्हतं; डबा बाजारातून यायचा.

जझरीला सुलतान नासिरुद्दीन महमूदनं लिहायला सांगितलं होतं. चाचांना कुणीच सांगितलं नाही. घरात कॉलेजात गेलेला मी एकटा, मीही नाही. कुठल्या हेडची बैठक किती खोल न्यायची हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते गेले तेव्हा मी जझरीवर टिपणं काढत बसलो होतो.

मला आठवतं ते शेवटचं काम. स्प्रिंगा चढवून झाल्या की चाचा हेड उलटं ठेवायचे, व्हॉल्व्हवर रॉकेल ओतायचे आणि बिडी पेटवायला बाहेर, रस्त्यावर जायचे. बिडी संपली की परत येऊन पोर्टमध्ये बोट फिरवायचे. बोट ओलं निघालं, तर सगळं खोलून पुन्हा पेस्ट.