जुनी जीप, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी तापतेय? पंखा बदलण्याआधी हे तपासा. कोणत्या गाडीला कोणता पंखा, वाचा सविस्तर

लग्नसराई आली की गावोगावच्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. कुणाची आजोबांनी घेतलेली महिंद्रा जीप, कुणाची अ‍ॅम्बेसेडर, कुणाची प्रीमियर पद्मिनी. वरातीत गाडी माणसाच्या चालीने तास-दोन तास रांगते, वरून मे महिन्याचं ऊन, आणि मग काटा लाल खुणेकडे सरकतो. गॅरेजवर गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा टाकून घ्या.’

सल्ला कधी बरोबर ठरतो, कधी महागात पडतो. पाणी उकळून हेड वाकलं किंवा गॅस्केट गेलं तर खर्च पंख्याच्या कितीतरी पट होतो. शिवाय या गाड्यांचं उत्पादन थांबलेलं आहे, अ‍ॅम्बेसेडरचं २०१४ मध्ये थांबलं. हेडसारखा भाग आता सहज मिळत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी पंख्याचं काम नीट समजून घेतलेलं बरं.

पंख्याचं खरं काम कधी असतं?

गाडी ताशी ५०-६० किमीने पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. पंख्याची खरी गरज गाडी उभी असताना किंवा रांगत असताना लागते.

जुन्या गाड्यांत पंखा वॉटरपंपाच्या पुलीवर बसवलेला असतो आणि फॅनबेल्टवर फिरतो. म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. वरातीत गाडी आयडलवर असते, हवेची गरज सगळ्यात जास्त असते आणि नेमका तेव्हाच पंखा सगळ्यात मंद फिरतो. उलट हायवेवर गरज नसताना तो जोरात फिरून इंजिनाची ताकद खातो. पंख्याच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते.

इलेक्ट्रिक पंख्याचं तसं नाही. इंजिन आयडलवर असो वा पळत असो, बॅटरीत दम असेल तर तो एकाच जोमाने फिरतो. १९८३ मध्ये आलेल्या मारुतीत इंजिन आडवं बसवलेलं होतं, त्यामुळे वॉटरपंपावरचा पंखा रेडिएटरसमोर येतच नव्हता. तिथे इलेक्ट्रिक पंखा घालावाच लागला. तोच पंखा आज जुन्या जीपमध्ये बसवलेला दिसतो.

आधी रोग ओळखा

गाडी कधी तापते, याचं उत्तर आधी शोधा.

• उभी असताना किंवा वरातीत तापते, पळाली की काटा खाली येतो: हवा कमी पडतेय. पंखा, फॅनबेल्ट किंवा फॅनचं कव्हर बघा.

• गावात ठीक, पण हायवेवर वेगात तापते: बहुतेक वेळा पंख्याचा दोष नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, वॉटरपंप कमी पाणी फेकत असेल, थर्मोस्टॅट नीट उघडत नसेल किंवा टायमिंग चुकलं असेल. इथे कितीही मोठा पंखा लावा, उपयोग नाही.

• कायम तापते, पाणी कमी होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात: हेड गॅस्केट तपासा. अशी गाडी वरातीला नेऊच नका.

बिनखर्चाच्या चार तपासण्या

१) फॅनबेल्ट: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर बेल्ट घसरतो, पंखा आणि वॉटरपंप दोन्ही मंदावतात. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं.

२) रेडिएटरची जाळी: मळणीच्या दिवसांत भुसा, धूळ आणि किडे जाळीत बसतात. इंजिन थंड असताना, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा आणखी अडते.

३) कागदाची परीक्षा: इंजिन आयडलवर ठेवा आणि वहीचा एक कागद समोरून रेडिएटरच्या जाळीला लावा. हवेच्या ओढीने तो चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. पडला तर पंख्यात किंवा कव्हरमध्ये दोष आहे.

४) पाणी आणि झाकण: बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात. कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा. रेडिएटरचं झाकणही बघा. त्याचा रबर आणि स्प्रिंग चांगले असतील तर आत दाब राहतो आणि पाणी १०० अंशांच्या वर जाऊन उकळतं. ७ पौंड दाबाच्या झाकणाने उकळबिंदू सुमारे ११० अंशांपर्यंत जातो. झाकण ढिलं असेल तर तेवढा आधार गेला.

फॅनचं कव्हर विसरू नका

पंख्याभोवती जे पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं गोल कव्हर असतं, त्याला मेस्त्री श्राउड म्हणतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते कधीतरी काढून टाकलेलं असतं, कारण काम करताना ते आड येतं. कव्हर नसेल तर पंखा बोनेटखालची गरम हवाच फिरवत बसतो. कव्हर असलं की सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढावी लागते.

इंजिनावरच्या पंख्याची पाती कव्हरच्या तोंडात साधारण निम्मी आत आणि निम्मी बाहेर असावीत. पात्याचं टोक आणि कव्हर यांत अर्धा ते एक इंच जागा ठेवा, कारण खड्ड्यात इंजिन हलतं. अनेक गाड्यांचा ‘पंख्याचा’ त्रास नुसतं कव्हर परत बसवल्यावर जातो.

कोणत्या गाडीला कोणता पंखा?

*गाडी मूळ रूपात ठेवायची आहे, फिरणं कमी:* मूळचाच पंखा ठेवा आणि कव्हर बसवा. मूळची पाती चार असतील तर त्याच इंजिनाला बसणारी सहा पात्यांची मिळते का बघा. आयडलवर हवा वाढते, पण पंपावरचा भारही थोडा वाढतो. पातं वाकलेलं असेल किंवा रिव्हेटजवळ चीर दिसत असेल तर पंखा बदलाच. ठोकून सरळ केलेलं पातं तोल बिघडवतं आणि तुटलं तर बोनेट फाडून बाहेर येऊ शकतं.

*डिझेल जीप, घाट, ट्रॉली ओढायचं काम:* इथेही इंजिनावरचाच पंखा भरवशाचा. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये असते, फेऱ्या जास्त असतात, त्यामुळे पंखाही जोरात फिरतो. फ्यूज उडणं, वायर सुटणं ही भानगडही नाही.

*वरात, जत्रा, तालुक्याच्या बाजारातली गर्दी:* मूळ पंखा तसाच ठेवून रेडिएटरच्या पुढे छोटा इलेक्ट्रिक पंखा जोडीला घ्या. गरज असेल तेव्हाच चालू करा. फक्त तो पुढे बसवल्याने पळताना येणारा वारा थोडा अडतो, म्हणून पंखा गरजेपेक्षा मोठा नको.

*नियमित हायवे, गाडीला अल्टरनेटर बसवलेला:* मूळ पंखा काढून फक्त इलेक्ट्रिक पंखा चालेल. तो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा असावा. जाळीचा निदान ७० टक्के भाग पंखा आणि त्याच्या कव्हरखाली आला पाहिजे. जाळी रुंद असेल तर एका मोठ्या पंख्याऐवजी दोन मध्यम पंखे बरे. विकत घेण्याआधी जाळीपासून वॉटरपंपाच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. हे पंखे साधारण अडीच ते चार इंच जाड असतात.

डायनमो असेल तर थांबा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. १२ इंची इलेक्ट्रिक पंखा साधारण ८ ते १२ अँपिअर ओढतो, चालू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. जुना डायनमो पूर्ण फेऱ्यांवर २०-२२ अँपिअरच देतो. रात्री दोन हेडलाइट सुमारे ९ अँपिअर घेतात, पेट्रोल गाडीची कॉइल ३-४. त्यात पंखा जोडला की हिशेब संपला.

त्याहून वाईट म्हणजे आयडलवर डायनमो जवळपास काहीच देत नाही. वरातीत पंखा बॅटरीवरच चालतो. तासाभराने पंखा मंद होतो, गाडी तापते, आणि बंद पडली की सेल्फही घेत नाही. म्हणून आधी अल्टरनेटर, मगच इलेक्ट्रिक पंखा.

आणखी एक गोष्ट. खूप जुन्या विलिस जीपला ६ व्होल्टची बॅटरी असते, तिथे १२ व्होल्टचा पंखा चालत नाही. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे नेहमीसारखी वायर जोडली तर पंखा उलटा फिरून हवा उलट्या दिशेला फेकतो.

वायरिंग करून घेताना

• पंख्याची वायर इग्निशन स्विचमधून थेट देऊ नका. स्विच जळतो, आगही लागू शकते. रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. वायर निदान २.५ स्क्वेअर एमएमची घ्या.

• नुसत्या हाताच्या बटणावर राहू नका, माणूस विसरतो. तापमानावर चालणारा स्विच बसवा आणि बटण जोडीला ठेवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा असेल तर पंखा ९२-९५ च्या आसपास चालू व्हावा. त्याआधीच चालू होणारा स्विच घेतला तर पंखा बंदच होत नाही.

• पंखा पट्ट्या लावून चौकटीला बसवा. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या टायने बांधलेला पंखा हलून हलून नळ्या घासतो आणि रेडिएटर गळायला लागतो.

• पुढून ढकलणारा पंखा मागे लावायचा असेल तर वायरी बदलून पातंही उलटं करावं लागतं. पातं तसंच ठेवून फक्त वायरी बदलल्या तर हवा कमी मिळते.

• मूळ पंखा काढताना लक्ष द्या. बऱ्याच इंजिनांत त्याच बोल्टवर पुलीही घट्ट बसलेली असते. पंख्याच्या जाडीएवढे वॉशर किंवा आखूड बोल्ट लावले नाहीत तर पुली ढिली राहते.

जुने भाग फेकू नका

५० वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेली गाडी बसत नाही. त्यामुळे पंख्यासाठी बॉडी किंवा रेडिएटरची चौकट कापू नका. मूळ पंखा, बोल्ट आणि कव्हर पिशवीत बांधून ठेवा. उद्या गाडी मूळ रूपात आणायची किंवा विकायची वेळ आली तर हीच पिशवी कामाला येते.

जीव सांभाळा

इंजिन चालू असताना गमछा, ओढणी, पदर, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा. तापमानाच्या स्विचवरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला चीर जाऊ शकते. अर्धा तास थांबा.

पावसाळ्यात ओढा ओलांडायचा असेल तर पाणी पंख्यापर्यंत पोचतंय का ते आधी बघा. पाण्यात फिरणारं पातं वाकून रेडिएटरमध्ये घुसतं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर पाण्यात शिरण्याआधी बंद करा.

वरातीआधीची चाचणी

नवीन पंखा बसवला की लगेच वरातीला जाऊ नका. दुपारच्या उन्हात गाडी घरासमोर अर्धा तास आयडलवर ठेवा, हेडलाइटही चालू ठेवा. काटा एका जागी थांबला, पंखा मध्ये मध्ये बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि शेवटी सेल्फ एका झटक्यात लागला, तर काम बरोबर झालंय. यातलं एकही चुकलं तर गाडी पुन्हा मेस्त्रीकडे न्या. नवरदेवासाठी त्या दिवशी दुसरी गाडी सांगा.