साठ मिनिटांची पाळी

अमेरिकन फुटबॉलपटू चक बेडनारिकचं नाव निघालं की अमेरिकेत हटकून एक फोटो दाखवतात. २० नोव्हेंबर १९६०, यांकी स्टेडियम. न्यूयॉर्क जायंट्सचा फ्रँक गिफर्ड याच्या धडकेनं बेशुद्ध पडलाय आणि त्याच्यापुढे हा मूठ उगारून उभा. गिफर्ड १९६१चा अख्खा हंगाम खेळू शकला नाही. फोटो जबरदस्त आहे, वादच नाही. पण मी बांधकामातला माणूस. रेडीमिक्सच्या गाडीची वाट बघण्यात माझी हयात गेली. मला बेडनारिक जवळचा वाटतो तो त्याच्या जोडधंद्यामुळे. हा गडी फुटबॉल सांभाळून काँक्रीट विकायचा. ‘काँक्रीट चार्ली’ हे नाव त्यावरूनच पडलं.

जन्म १९२५चा, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावचा. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील बेथलेहेममधल्याच पोलाद कारखान्यात कामाला. दुसऱ्या महायुद्धात पोरगा बी-२४ बॉम्बर विमानात मशीनगन चालवायला बसला. ३० मोहिमा करून जिवंत परतला. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, आणि १९४९च्या खेळाडू निवडीत पहिलं नाव त्याचं. फिलाडेल्फिया ईगल्सनं त्याला घेतलं.

१९५०पासून खेळाडू हवे तेव्हा बदलायची मुभा मिळाली, तसे चढाईचे गडी वेगळे आणि बचावाचे वेगळे झाले. १९६०मध्ये पस्तिशीचा बेडनारिक चढाईत ‘सेंटर’ होता, म्हणजे पायांतून चेंडू मागे देऊन लगेच समोरच्याला अडवणारा. हंगामाच्या मध्यात एक लाइनबॅकर जायबंदी झाला आणि बचावाच्या दुसऱ्या फळीतली ती जागाही प्रशिक्षकानं यालाच दिली.

२६ डिसेंबरला फ्रँकलिन फील्डवर अजिंक्यपदाचा सामना झाला. समोर प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींचा ग्रीन बे पॅकर्स. बेडनारिक ६०पैकी ५८ मिनिटं मैदानात. ईगल्स १७-१३नं पुढे, आणि शेवटच्या काही सेकंदांत चेंडू घेऊन पॅकर्सचा जिम टेलर गोलरेषेकडे निघालेला. आठ-नऊ यार्ड उरले असताना बेडनारिकनं त्याला कवेत घेऊन खाली पाडलं आणि वेळ संपेपर्यंत उठूच दिलं नाही. कबड्डीत चढाईपटूला मध्यरेषेपासून हातभर अंतरावर दाबून धरतात, तशी ती पकड. लाइनबॅकरचं खरं काम हेच. बाद फेरीच्या सामन्यात लोम्बार्डी हरले ते एवढ्या एकदाच.

१४ हंगामांत त्याचे तीनच सामने चुकले. १९६७मध्ये तो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०१५मध्ये वारला. म्हातारपणी त्याची वाकडीतिकडी झालेली बोटं बघायला लोक थांबत, आणि आजकालची पोरं अर्धाच खेळ खेळतात म्हणून तो करवादत असे. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. एक माणूस आजारी पडला म्हणून दुसऱ्यानं डबल पाळी ओढली, तर त्याची पाठ जरूर थोपटावी. पण उद्यापासून सगळ्यांना डबल पाळी लावू नये. साइटवर मी तरी कधी लावली नाही.