ढगांचे छायाचित्रण
डिजिटल कॅमेऱ्याने ढग टिपताना मुख्य अडचण उजेडाची असते. जमिनीवरून प्रकाशमापन केल्यास शुभ्र ढगाच्या जागी कोरा पांढरा डाग उमटतो. हा हरवलेला तपशील नंतर संगणकावरही परत मिळत नाही. म्हणून प्रकाशमापन ढगावरूनच करावे. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६, तर १४ बिटच्या रॉ चित्रात १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात. त्यामुळे सावलीतील भाग पुढे उजळता येतो. सूर्याशी काटकोनातील निळे आकाश पोलरायझर फिल्टरने अधिक गडद होते. संस्करणात मात्र मूळ आकाश बदलू नये. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलासमध्ये ‘ॲस्पेरिटास’ या लाटांसारख्या मेघरूपाची नोंद केली. त्यामागे हौशी निरीक्षकांच्या अस्सल छायाचित्रांचाच आधार होता.